डासोबाचा नकाशा

त्याचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपटात होतं, आणि ते तिथंच राहिलं. बाहेर सगळे त्याला डासोबाच म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. शेवटी टपालवाल्याने त्याच नावाचं एक पाकीट बिनचूक घरी आणून दिलं, तेव्हा त्यानेही वाद घालणं सोडून दिलं.

शहराच्या आरोग्य खात्यात एक कीटक विभाग होता. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, धुराच्या यंत्रांचा वास आणि डासोबा. सव्वीस वर्षं तो रोज सकाळी खांद्याला पिशवी अडकवून निघे. पिशवीत एक बॅटरी, लांब दांड्याची पांढरी पळी, काचेच्या नळ्या, भिंग आणि वही. घरोघरी जायचं, साठलेल्या पाण्यात पळी बुडवायची, अळ्या मोजायच्या, वहीत लिहायचं आणि घरच्यांना भांडं रिकामं करायला सांगायचं. काम एवढंच. पण प्रत्येक पिंपात आपलं कुणीतरी हरवलं आहे, अशा काळजीने तो आत डोकावे.

नात्यागोत्यात याचा व्हायचा तो परिणाम झाला होता. सासुरवाडीला गेला की हा आधी फ्रीजच्या मागे वाकून तिथलं पाण्याचं ताट ओढून बघे आणि मग सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करी. मेहुण्याने नवं घर दाखवायला बोलावलं, तर बाकीची मंडळी खोल्या बघत होती आणि हा गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून होता. तिथून त्याचा घुमणारा आवाज खाली आला, "झाकण नीट बसत नाही." त्या दिवसापासून बायको माहेरी एकटी जाऊ लागली. बहिणीकडेही एकटीच जाई, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. डासोबाला त्याचं काही वाटलं नाही. बहिणीच्या घरच्या टाक्या त्याने आधीच तपासल्या होत्या.

त्याचा खरा जीव होता नकाशात. नऊ मोठे कागद खळीने जोडून त्याने खोलीच्या भिंतीवर अख्खं शहर काढलं होतं. प्रत्येक गल्ली, प्रत्येक घर, आणि घरात पाणी साठेल अशी प्रत्येक वस्तू. कुणाच्या मागच्या अंगणात जुने टायर आहेत, कुणाच्या जिन्याखाली फुटकं बेसिन आहे, सगळं. अळ्या सापडल्या की त्या घरावर लाल टाचणी, घर स्वच्छ असेल तर हिरवी, आणि कुणी आजारी पडलं तर काळी. टाचण्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातून येत आणि परत कधीच जात नसत.

लाल टाचणीला लोक भलतेच घाबरत. एकदा एक गृहस्थ कचेरीत येऊन हळू आवाजात म्हणाले, "मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. तेवढी टाचणी महिनाभर काढता येईल का?"

"मुलाकडचे इथे येणार आहेत का?" डासोबाने विचारलं.

"तसं नाही. पण लोक बोलतात."

"पिंप घासा," डासोबा म्हणाला. "टाचणी हिरवी झाली की तेही बोलतील."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या वर्षी ताप आला. तीन आठवड्यांत नऊ माणसं आजारी पडली. अंग मोडून काढणारा, डोळ्यांमागे ठणकणारा ताप. रक्ताचे अहवाल आले, तेव्हा कळलं की हा पट्टेरी डासाचा प्रताप. नऊ काळ्या टाचण्या नकाशावर लागल्या आणि डासोबा त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसला. एक टाचणी वरच्या टेकडीवर, एक नदीकाठी, एक बाजारात, एक पार बसस्थानकाच्या पलीकडे. हा डास तर असा आळशी, की जिथं जन्मतो त्याच्या शेदोनशे पावलांतच सगळं आयुष्य काढतो. तो टेकडीवरून बसस्थानकापर्यंत जाणार कसा? बरं, नऊही घरं डासोबाने पुन्हा तपासली. एका घरातही अळी नाही. काळ्या टाचण्या नऊ आणि आसपास सगळीकडे हिरव्या. सव्वीस वर्षांत नकाशाने त्याला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

खात्यात नव्या आरोग्य अधिकारी आल्या होत्या. तरुण, हुशार, सगळं संगणकावर करणाऱ्या. मॅडमनी नऊ पत्ते संगणकात घातले आणि नऊ गल्ल्यांत धुराची यंत्रं पाठवली. दोन वेळा धूर झाला. गल्ल्यांतली माणसं खोकून बेजार झाली, एका घरचा पोपट दोन दिवस बोलला नाही, आणि ताप होता तिथंच राहिला.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मॅडमनी शेवटी डासोबाला विचारलं.

"हा डास दिवसा चावतो," तो म्हणाला. "आपण टाचण्या लावतो त्या माणसं रात्री झोपतात तिथं. ती दिवसा कुठं असतात, ते बघायला हवं."

मॅडमनी संगणक मिटला. "विचारून या," त्या म्हणाल्या.

काम सोपं वाटलं होतं. पहिले होते निवृत्त हेडमास्तर. ताप उतरून ते आरामखुर्चीत बसले होते. चेहरा उतरलेला, पण करडेपणा शाबूत.

"दुपारी मी वाचनालयात असतो," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज. वाचनाला सुट्टी नसते."

डासोबाने वहीत लिहिलं आणि मग मान वर केली. "वाचनालय रंगकामासाठी दोन महिने बंद आहे, सर."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी बाहेरच्या पायरीवर बसून वाचतो."

दुसऱ्या होत्या बँकेतल्या कॅशियरबाई. आठवड्यातून दोनदा दुपारी अर्धी रजा घेतात, असं बँकेतून कळलं होतं. त्या म्हणाल्या, शिंप्याकडे जाते. डासोबा शिंप्याकडे गेला. शिंपी म्हणाला, "त्या बाई? वर्षभरात फिरकल्या नाहीत. त्यांचं माप आहे माझ्याकडे, पण ते आता बसेल असं वाटत नाही." तिसरा कुलपांचा दुकानदार, देहाने भरभक्कम. त्याने सांगितलं की तो दुपारी दुकान बंद करून मागच्या खोलीत झोपतो. आतून त्याची बायको म्हणाली, "झोपता कुठं? पाठीच्या डॉक्टरकडे जाता ना?" दुकानदार म्हणाला, "हो, तिथं जाऊन झोपतो."

नऊ जणांच्या नऊ तऱ्हा. डासोबाने सगळं मॅडमसमोर ठेवलं.

"ताप आला की लोक खोटं बोलतात का?" त्यांनी विचारलं.

"एरवीही बोलतात, मॅडम. आता ते वहीत आलं."

पण त्या रविवारी मोरीत हात धुताना त्याला एक गोष्ट आठवली आणि नळ तसाच वाहत राहिला. त्याच्या कामाचा एक भाग असा होता, की तो लोकांच्या घरात ज्या जागी बघे तिथं दुसरं कुणीच बघत नसे. माळ्यावर, पिंपामागे, टाकीच्या सांदीत. आणि माणसं वस्तू लपवतात त्या नेमक्या तिथंच. त्याने तिथं सिगारेटची पाकिटं पाहिली होती, जुनी प्रेमपत्रं पाहिली होती, साखरेचं पथ्य असलेल्या आजोबांचा गोड गोळ्यांचा डबा पाहिला होता. बघायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं, हा त्याचा नेम. म्हणून तर लोक त्याला आत येऊ देत. पण आता त्याला विसरलेलं आठवू लागलं. हेडमास्तरांच्या माळ्यावर रिकाम्या पिंपामागे कापडात गुंडाळलेला बुटांचा एक जोड होता. काळे, चकचकीत, आणि तळव्याला लोखंडी पट्ट्या ठोकलेले. कॅशियरबाईंच्या जिन्याखालीही तसाच एक जोड होता. कुलूपवाल्याच्या टाकीमागेही. त्या वेळी त्याला वाटलं होतं, असेल काहीतरी फॅशन.

सोमवारी तो बाजाराच्या मागच्या रस्त्यावर गेला. तिथं फुटपाथवर एक म्हातारा बूट दुरुस्त करत बसे. शहरात लोखंडी पट्टी ठोकून देणारा तोच एक.

"चौदा जोड केले," बूटवाला म्हणाला. "पण कुणाचे ते सांगणार नाही. शब्द दिलाय."

"नावं नकोत. ती माणसं जातात कुठं, तेवढं सांग."

"तेही नाही सांगणार," म्हाताऱ्याने समोरच्या जुन्या तीनमजली इमारतीकडे टक लावून बघत म्हटलं. "फक्त एवढं सांगतो, की मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता त्या वरच्या मजल्यावर गारा पडतात. ऊन असलं तरी पडतात." मग तो अंग आक्रसून म्हणाला, "आणि मला कालपासून कणकण वाटते आहे."

डासोबाने त्याला आधी दवाखान्यात नेऊन सोडलं. मग मंगळवारची वाट बघितली.

तीन वाजता तो इमारतीत शिरला. खाली लांबट, अंधारी वाट. एका बाजूला जाळीच्या दाराची लिफ्ट, वर 'बंद आहे' अशी पाटी, आणि पाटीवरही धूळ. लिफ्टला लागूनच एक बाक होता आणि बाकाखाली चपलांची रांग. म्हणजे मंडळी इथं बसून चपला काढत, बूट घालत आणि मग वर जात. वरून खरोखरच गारा पडल्यासारखा आवाज येत होता.

डासोबाने जाळीतून बॅटरी मारली. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकून पडली होती आणि खाली तिचा खड्डा, गुडघाभर स्वच्छ पाण्याने भरलेला. कुठलीतरी नळी वर्षानुवर्षं ठिबकत असणार. घरोघरच्या पिंपांच्या त्याच्या नकाशात हा खड्डा कुठंच नव्हता. त्याने जाळी सरकवली, पालथं पडून पळी खाली सोडली आणि वर काढली. पळीत अळ्यांची नुसती झुंबड होती. त्याने मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत मोजून तो थांबला, त्याला गहिवरून आलं. सव्वीस वर्षांत इतकी श्रीमंत पळी त्याने पाहिली नव्हती. या बाकावर उघडे पाय खाली सोडून आठवड्यातून दोनदा माणसं बसत होती. डासांसाठी ही तर वाढलेली पंगत.

काचेच्या नळीत नमुना भरून तो उठू लागला, आणि उठता उठता त्याची नजर चपलांवर गेली. रांगेतली तिसरी चप्पल बायकांची होती, आणि तिच्या तुटलेल्या पट्ट्याला तांब्याच्या तारेचे तीन टाके होते. ती तार त्याने गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने बसवली होती.

तो बाकावर बसला. मग आपण कुठं बसलो आहोत ते आठवून चटकन उठला आणि जिना चढू लागला.

वरच्या मजल्यावर एक मोठी खोली होती, समोरच्या भिंतीला आरसे. एक सडपातळ म्हातारी बाई हातातल्या काठीने ताल देत होती आणि तिच्या पुढे डझनभर प्रौढ माणसं टाचा आपटत नाचत होती. तापातून उठलेले हेडमास्तर एका कोपऱ्यात खुर्चीत बसून नुसते पाय हलवत होते. कुलूपवाला उडी मारी तेव्हा आरसे थरथरत. आणि दुसऱ्या रांगेत डासोबाची बायको होती. ती सगळ्यांच्या अर्धा ठोका मागे होती. सगळे उजवीकडे वळले की ती डावीकडे वळे. पण तिचा चेहरा असा काही उजळलेला होता, की डासोबा दारातच खिळून राहिला. हा चेहरा त्याने शेवटचा केव्हा पाहिला होता ते त्याला आठवेना.

तिने आरशात त्याला पाहिलं. ठोका थांबला. मग एकेक करून सगळे थांबले आणि वळले. दारात गणवेशातला डासोबा, छातीला धूळ, एका हातात पळी आणि दुसऱ्यात अळ्यांची नळी.

"आम्ही व्यायाम करत होतो," हेडमास्तर खुर्चीतून म्हणाले.

डासोबाला पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंडून सव्वीस वर्षांची सवयच बाहेर पडली. "लिफ्टच्या खड्ड्यात अळ्या आहेत," तो म्हणाला. "खालच्या बाकावर कुणी बसू नका. जाताना बूट घालूनच जा." एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

संध्याकाळी बायको घरी आली, तेव्हा तो स्वयंपाकघरात चहा करत होता. त्याने दोघांचा चहा ओतला.

"बहीण बरी आहे ना?" त्याने विचारलं.

"बरी असेल. तीन महिने गेले नाही तिच्याकडे."

"मला सांगायचंस की."

"सांगून काय झालं असतं? हसला असता तुम्ही."

"मी कधी हसलोय?"

"तेच तर," ती म्हणाली.

चहाचे दोन घोट झाल्यावर त्याला एकदम दुसरंच काही सुचलं. "तू त्या बाकावर बसायचीस. मग तुला ताप कसा आला नाही?"

तिने साडीचा काठ जरासा वर केला. गुडघ्यापर्यंत जाड पायमोजे. "लग्न झाल्यापासून रोज ऐकतेय, दिवसा पाय झाका, दिवसा पाय झाका. सगळे मला हसायचे तिथं. बूट घालतानाही मी मोजे काढले नाहीत."

डासोबाने कप खाली ठेवला. शहरात त्याने हजारो घरांत हे सांगितलं होतं, पत्रकं वाटली होती, शाळांतून भाषणं दिली होती. ते मनावर घेणारं एक तरी माणूस आहे, आणि ते आपल्याच घरात राहतं, याचा त्याला पत्ता नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाटलं, चहा गरम लागला.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यातलं पाणी उपसलं, औषध टाकलं, नळी बदलली. मॅडम स्वतः आल्या, पळी हातात घेऊन बघितली, आणि खूश झाल्या. पण मग म्हणाल्या, "अहवाल लिहा. नऊ जण या इमारतीत कशासाठी येत होते?"

"कामानिमित्त," डासोबा म्हणाला.

"कुठल्या कामानिमित्त? इथं येणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं आहे. घरी पत्रं पाठवायची आहेत. पत्रात कारण लागतं."

डासोबा पेचात पडला. विसरून जाण्याचा नेम एकीकडे आणि ताप एकीकडे. शुक्रवारी तो नाचाच्या खोलीत गेला आणि हातातली वही पुढे धरून म्हणाला, "तुम्हीच सांगा, काय लिहू."

खूप चर्चा झाली. हेडमास्तर म्हणाले, वाचक मंडळ लिहा. कुलूपवाला म्हणाला, पाठीचे रुग्ण लिहा. कॅशियरबाईंनी शिवणवर्ग सुचवला, पण शिंप्याचं कळल्यापासून त्यांचा आवाज बसला होता. काठीवाल्या बाई इतका वेळ ऐकत होत्या. तरुणपणी त्या जहाजावर प्रवाशांना नाच शिकवत. त्या म्हणाल्या, "नाच लिहा. दोन अक्षरांचा शब्द आहे. मी चाळीस वर्षं तोच लिहिते आहे, अजून काही वाईट झालं नाही."

डासोबाची बायको म्हणाली, "लिहा. माझं नाव पहिलं लिहा."

पत्रं गेली. आता घराघरांत काय आगडोंब उसळतो म्हणून डासोबाने दोन दिवस त्या गल्ल्या टाळल्या. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या पत्नींनीच त्याला हाक मारून थांबवलं.

"पत्र मिळालं," त्या म्हणाल्या. "आता त्यांना सांगा, न्हाणीघरात टाचा आपटणं बंद करा म्हणावं. रोज अर्धा तास चालतं, आणि विचारलं की म्हणतात, फरशी पोकळ आहे का बघतोय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वर्षभर. पण त्यांना चोरून करण्यातच मजा येत होती, म्हणून बोलले नाही."

कुलूपवाल्याच्या घरीही तेच. कॅशियरबाईंच्या तर मुलांनीच बूट पुसून ठेवले होते. चौदांपैकी एकाच्याही घरी पत्राने कुणाला धक्का बसला नाही. शहरभर लोकांच्या सांदीकोपऱ्यांत डोकावणारा एकटा डासोबा काय तो अंधारात होता, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोने बहिणीला इतक्या वेळा सांगितली की पुढे बहीणच ती लोकांना सांगू लागली.

बूटवाला पाच दिवसांनी दवाखान्यातून आला. आणखी दोघांना ताप आला, आणि मग तीन आठवडे एकही नाही. मॅडमनी संगणकावर नऊ घरांपासून त्या इमारतीपर्यंत नऊ रेघा ओढल्या आणि वरच्या कचेरीला पाठवल्या. उत्तरात शाबासकी आली आणि एक नवा फॉर्मही आला. त्यात एक जादा रकाना होता, 'दिवसा कुठे असता?' तो भरताना लोक अजूनही घुटमळतात. परवा एका गृहस्थाने तिथं 'विचाराधीन' असं लिहिलं.

डासोबाच्या नकाशावर त्या इमारतीला हिरवी टाचणी लागली. बायको आता राजरोस जाते, आणि घरी सरावही करते. अजून अर्धा ठोका मागेच आहे. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई तणतणत वर आल्या. छताचे पोपडे पडतात म्हणाल्या, हा काय प्रकार आहे म्हणाल्या. डासोबा दारात उभा राहून शांतपणे ऐकत होता. आत बायकोचे पाय थांबले होते.

त्यांचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "वहिनी, तुमच्या खिडकीतल्या कुंड्यांखालच्या बशा शेवटच्या कधी रिकाम्या केल्यात?"

शेजारीणबाईंचा चेहरा बदलला. "करणारच आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच चाललेय."

"मी बॅटरी घेऊन येतो," डासोबा म्हणाला, पण तोवर त्या दोन पायऱ्या एकदम उतरून दिसेनाशा झाल्या होत्या. त्याने दार लावलं आणि आत वळून म्हणाला, "चालू दे."